मागचं डावं चाक

३ फेब्रुवारी, सोमवार

गाडी आली परत.

ट्रकवर घालून आणली. ड्रायव्हरने विचारलं, "कुठे उतरवू?" आणि कुणालाच सांगता येईना. शेवटी मीच म्हटलं, तिकडे ठेवा, भिंतीलगत, दोरीखाली. कपडे वाळत घालायची दोरी! म्हणजे आता रोज तिथूनच जायचं. दुसरं काही सुचलंच नाही.

पुढचं नाक पार आत गेलंय. काच नाही. मागून बघावं तर जशीच्या तशी, आत्ताच धुऊन ठेवल्यासारखी. फक्त मागचं डावं चाक सोडून. त्याच्या टायरच्या नुसत्या चिंध्या. बाकीची तीन चाकं चकचकीत — भुंग्याने हौसेने बसवलेली. कंपनीची साधी काळी चाकं काढून ही रुपेरी घातली होती. घालून महिनासुद्धा झाला नव्हता.

पोलिसांच्या कागदावर एक ओळ आहे. टायर फुटून गाडी पुलाच्या कठड्यावर आदळली. बस्. नवा कोरा टायर का फुटला ते लिहायला कुणाकडे वेळ नाही.

ट्रक जाईपर्यंत हे दारात उभे होते. मग आतून निळी ताडपत्री आणली, गाडीवर टाकली, चारी कोपरे विटांनी दाबले. माझ्याकडे बघितलंही नाही. हात धुऊन आत जाऊन पडले.

४ फेब्रुवारी, मंगळवार

कपडे आत खुर्च्यांवर वाळत घातले.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

भुंग्याचा चष्मेवाला मित्र आला होता. हात अजून प्लास्टरमध्ये. मागच्या सीटवर बसलेले तिघेही वाचले. वाचले ते बरंच झालं — हे मी मनापासून लिहितेय. पण तो समोर बसून पाणी पीत होता तेव्हा त्याच्या गळ्याचा कंठ खालीवर होताना बघवेना. उठून आत गेले, उगाच डबे सरकवले, परत आले.

म्हणाला, "काकू, आम्ही तिघं मागे दाटीवाटीने. पुढे तंबूचं गाठोडं, डिकी गच्च. रस्त्यात उंचवटा आला की मागून घर्रर्र व्हायचं. मी म्हटलं, अरे, काहीतरी घासतंय. तर म्हणाला, नवीन आहेत रे, नव्या चपलेसारखं. होतील सैल."

अगदी त्याचंच वाक्य. तान्हा होता तेव्हा ओठ मिटून भुर्रर्र करत घरभर रांगायचा, म्हणून भुंग्या. तेवीस वर्षांचा घोडा झाला तरी भुंग्याच. प्रत्येक गोष्ट "होईल सैल" म्हणत ढकलायची.

मित्र गेल्यावर यांना सांगितलं, घासत होतं म्हणे. हे वर्तमानपत्र वाचत होते. पान उलटलं नाही, वर बघितलं नाही. "बरं," म्हणाले.

बरं!!

१० फेब्रुवारी, सोमवार

आज ठरवून गेले. कामावरून अर्धा दिवस घेतला — मालकिणीला सांगितलं, दात दुखतोय. रेडीमेडच्या दुकानात मी फिटिंगचं काम करते, तिथे दुपारनंतर तशीही गर्दी नसते.

ज्याने ती चाकं विकली त्याचं दुकान पेट्रोल पंपाच्या मागे. भिंतीवर चाकं टांगलेली, मांडणीत ताटं लावावीत तशी. मालक काटकुळा, कानावर पेन्सिल. त्याला सगळे वकील म्हणतात. का, ते पाच मिनिटांत कळलं. एका गिऱ्हाइकाला सर्वांत रुंद टायर हवे होते, आणि ते तुझ्या गाडीला बसणार नाहीत हे पटवल्याशिवाय हा त्याला जाऊ देईना. पैसे द्यायला तयार असलेल्या माणसाशी भांडण! मी मनात म्हटलं, नाटक आहे. मी बसलेय म्हणून.

"काय हवंय ताई?"

"चाकं बघायचीत. मुलाच्या गाडीसाठी."

"त्याला नाही आणलंत?"

"तो बाहेर गेलाय."

बाहेर गेलाय. निघून गेलं तोंडातून.

गाडी कुठली ते सांगितलं. त्याने माझ्या चेहऱ्याकडे निरखून बघितलं. मग टायरवरचे आकडे कसे वाचायचे ते सांगितलं. पहिला आकडा रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरा म्हणजे त्या रुंदीच्या किती टक्के रबराची उंची. तिसरा आतल्या धातूच्या चाकाचं माप, इंचात. "लोकांना वाटतं मोठं चाक म्हणजे मोठी गाडी. तसं नसतं. आतलं चाक वाढवलं की रबराची उंची कमी करायची. एकूण उंची कंपनीने दिली तेवढीच राहिली पाहिजे. ती वाढली की घासलंच."

"घासलं तर काय होतं?"

"आधी आवाज होतो."

"आणि मग?"

त्याने पेन्सिल कानावरून काढली, परत खोचली. "ताई, मी कुणाला घासणारं चाक देत नाही," म्हणाला.

दिलंस. माझ्या मुलाला दिलंस. हे सगळं जिभेवर आलं होतं. नमस्कार करून उठले.

११ फेब्रुवारी, मंगळवार

दुपारच्या सुट्टीत कटिंगच्या खाकी कागदावर हिशोब मांडला. कंपनीचा टायर १७५/६५, चौदा इंची. भुंग्याचा १८५/५५, पंधरा इंची. ताडपत्रीची कड उचलून वाचून आले होते सकाळी. टक्के काढले, दुप्पट केले, इंचांचे मिलिमीटर केले. दोनदा केलं. आयुष्य इंचटेपवर गेलंय, चुकणार नाही मी.

दोन्ही चाकांच्या उंचीत फरक किती? दीड मिलिमीटर. दीड! शिवणीच्या दोऱ्याएवढा.

म्हणजे माप बरोबर दिलं होतं त्याने. आकडा जुळला आणि मला रागच आला. कागदाचा बोळा करून चिंध्यांच्या टोपलीत टाकला.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

परत गेले. माप बरोबर असतानाही घासू शकतं का, असं सरळच विचारलं.

वकिलाला असा प्रश्न म्हणजे मेजवानी. एक चाक खाली उतरवलं, माझ्यासमोर उभं केलं. "उंची झाली. आता आत-बाहेर. चाक गाडीच्या आत किती बसतं, बाहेर किती येतं. फार आत गेलं तर स्प्रिंगला घासणार. फार बाहेर आलं तर चाकावरच्या पत्र्याच्या कडेला. ही कड आतल्या बाजूने वळवलेली असते, दिसत नाही, पण सुरीसारखी असते. दोन्हीकडे थोडी थोडी जागा सोडायची."

"माया," मी म्हटलं. "शिवणीत सोडतात तशी."

तो खूश झाला. "माया! बघा, इतकी वर्षं गिऱ्हाइकांना समजावतोय, हा शब्द सुचला नाही मला."

मग म्हणाला, खरी गंमत पुढे आहे. रिकाम्या गाडीवर सगळंच बसतं. मागे माणसं बसवायची, डिकी भरायची, स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचं, आणि मग टायर आणि पत्रा यांच्यामध्ये बोटं घालून बघायची. दोन बोटं गेली तर चाक बसलं.

मला कळलं लगेच. उभ्याने पँट सगळ्यांनाच होते. मी ट्रायलला गिऱ्हाइकाला स्टुलावर बसवून बघते, तेव्हा खरं काय ते कळतं. हे त्याला सांगितलं तर मोठ्याने हसला. मीही हसले. हसले मी! त्याच्याबरोबर. घरी येईपर्यंत स्वतःला शिव्या घालत होते.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

हे कामावर जायला लागले. डबा दिला. संध्याकाळी तसाच परत आला.

इतकी वर्षं कारखान्यात लेथवर लोखंड कातत उभे राहिलेत. घरात यांचं बोलणं तसं कमीच. भुंग्याशी तर दोन वर्षं जवळजवळ बंदच होतं. यांनी खटपट करून स्वतःच्या कारखान्यात त्याला शिकाऊ म्हणून चिकटवलं आणि तो तिसऱ्या महिन्यात सोडून आला. मोबाइलच्या दुकानात नोकरी धरली. त्यानंतर एका घरात दोघं, आणि निरोप माझ्यामार्फत. "त्याला सांग, नळ नीट बंद कर." "बाबांना सांग, केलाय." मी मधली टपालपेटी.

ही चाकं आली आणि ते मिटलं. गेल्या महिन्यात रविवारी दोघं अंगणात गाडीखाली आडवे पडलेले, चार पाय तेवढे बाहेर. आतून हसण्याचा आवाज. मी चहा घेऊन तिथेच उभी राहिले, हाक न मारता. चहा निवला.

१६ फेब्रुवारी, रविवार

हे भाजी आणायला गेले तशी विटा सरकवल्या, ताडपत्री मागून वर केली.

उजवीकडचं मागचं चाक शाबूत आहे. बोटं घालून बघितली. रिकामी गाडी, तरी एक बोट जेमतेम. दुसरं अडलं. मग टायरच्या वरच्या काठावर हात फिरवला. एक चर आहे! गोल, अख्ख्या टायरभर, चाकूने रेघ ओढल्यासारखा. पत्र्याच्या आतल्या कडेवर बोट नेलं तर तिथे रंग नाही, नुसतं लख्ख गुळगुळीत लोखंड. बोट काळं झालं.

दोन्हीकडे घासत होतं. डावं आधी फाटलं, एवढंच.

तर घासणारंच चाक दिलं होतं त्याने. इतकं गोड बोलून! "मी कुणाला घासणारं चाक देत नाही." ताडपत्री नीट घालताच येईना.

मागून आवाज आला, "काय करतेस तिथे?"

हे पिशवी घेऊन फाटकात. मी म्हटलं, चिमटा पडला होता. दोरीवर एकही कपडा नव्हता.

यांनी पिशवी खाली ठेवून एकेक वीट जागेवर लावली.

१९ फेब्रुवारी, बुधवार

आज सोक्षमोक्ष लावायला गेले. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, तरी थांबले नाही. म्हटलं, माझा मुलगा बाहेर गेलेला नाही. तो गेला. तुमची चाकं घालून गेला.

गिऱ्हाइकं आपोआप बाहेर सरकली. वकील बसला होता तो उठला.

"मला माहीत आहे, ताई. तुम्ही पहिल्या दिवशी आलात तेव्हाच ओळखलं. त्याचं नाक तुमच्यावर गेलंय."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही विचारत होतात, मी सांगत होतो. विचारू नका कसं म्हणणार?"

मी चराचं सांगितलं. बोटाचं सांगितलं. एक बोट! मला वाटलं, आता वकिली सुरू होईल. पण त्याचा चेहरा उतरला. "होणं शक्य नाही," म्हणाला. "माझ्याकडून गाडी गेली तेव्हा मागे चौघांना बसवून बघितलं होतं. तीन बोटं होती." मग जरा थांबून, "तो नाराज होता. म्हणाला, वकीलसाहेब, चाकं आत बुडालेली दिसतात, म्हाताऱ्याच्या डोळ्यांसारखी. बाहेर काढून द्या. मी म्हटलं, दुसऱ्या दुकानात जा. मी नाही करणार. त्यानंतर आलाच नाही."

"कशावरून खरं?"

"चाक खोलून बघू. तुमच्यासमोर. माझं चुकलं असेल तर मी स्वतः पोलिसांकडे येतो."

रविवारी येतो म्हणालाय.

२२ फेब्रुवारी, शनिवार

यांना सांगितलं की उद्या टायरवाला येणार आहे. हे नखं कापत होते. "कशाला?"

"बघायला."

"काय बघायचंय आता त्यात," म्हणाले. पण नेलकटर खाली ठेवला तो तसाच राहिला. उरलेली नखं कापलीच नाहीत.

२३ फेब्रुवारी, रविवार

जे झालं ते क्रमाने लिहिते. नाहीतर जमणार नाही.

वकील सकाळी आला. जॅक, पाना, बसायला पोत्याचा तुकडा. चप्पल फाटकापाशी काढली — अंगणात कुणी काढत नाही. हे आत होते. ताडपत्री काढली, उजवीकडचं मागचं चाक वर उचललं, नट सोडवले. चाक हातात आलं आणि तो तसाच बघत राहिला.

चाकाच्या मागे आणखी एक चाक. म्हणजे जाड चकती, भाकरीएवढी, दोन बोटं जाडीची, चार भोकं पाडलेली. गाडी आणि चाक यांच्या मधे घातलेली. बोल्टही लांब, वेगळे.

"हे माझं नाही," वकील म्हणाला. "ही रिंग घातली की चाक तेवढं बाहेर येतं. म्हणून कडेला लागलं." त्याने ती काढून फडक्याने पुसली, उजेडात धरली. "आणि हे बाजारातलंही नाही. बाजारातल्यावर छाप असतो. ही लेथवर काढलीय. काय सुरेख काम आहे बघा, कडा मारल्यात, हाताला लागू नयेत म्हणून. कुणीतरी फार मन लावून—"

आणि तो थांबला. कारण मी त्याच्याकडे बघत नव्हते, दाराकडे बघत होते.

हे पायरीवर उभे होते. बनियनवर.

"मी केल्यात," म्हणाले. "चार. त्याला हव्या होत्या."

मोठ्याने नाही. नेहमीच्या आवाजात, डबा राहिला म्हणून सांगावं तसं.

वकिलाला कुठे बघावं कळेना. रिंग पोत्यावर ठेवली. मग परत उचलली. मग यांच्यापाशी गेला आणि दोन्ही हातांनी ती यांच्या हातात दिली, तान्हं मूल देतात तशी. "काम चोख आहे हो," म्हणाला. दुसरं काय म्हणणार तो? चप्पल विसरून अनवाणीच गेला, कोपऱ्यावरून परत आला.

मी आत जाऊन दार लावून घेतलं.

२४ फेब्रुवारी, सोमवार

नाही बोलले.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

नाही बोलले. डबा केला, ओट्यावर ठेवला.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

माहीत होतं यांना. पहिल्या दिवसापासून! गाडी आली तेव्हा ताडपत्री का इतक्या लगबगीने टाकली ते आता कळतंय. मी त्या वकिलाच्या दुकानात जाऊन खोटं हसत बसले, एका परक्या माणसाला मनातल्या मनात फाशी दिली, आणि हे इथे वर्तमानपत्र धरून "बरं" म्हणत होते.

थोरल्या लेकीचा फोन. तिला सगळं सांगितलं. ती इतकी रडली की मलाच तिला गप्प करावं लागलं. मग म्हणाली, "आई, बाबांना सांभाळ." मी म्हटलं, मला कोण सांभाळणार? ती म्हणाली, "मी येते." म्हटलं, नको. लेकरं आहेत तुझी, शाळा आहेत.

आता मी थोरलीच्या खोलीत झोपते. म्हणजे पडते.

४ मार्च, मंगळवार

आज यांनी सांगितलं. खोलीचं दार अर्धं उघडं होतं. हे बाहेर जमिनीवर बसले, पाठ चौकटीला टेकून. मला दिसत होता तो नुसता एक खांदा. मी बटणं लावत होते, लावत राहिले.

"तो कारखान्यात आला होता," म्हणाले. "गेटवर. वॉचमन म्हणाला, तुमचा मुलगा आलाय. मला वाटलं, तुला काही झालं. पळत गेलो. तर हा उभा. म्हणतो, बाबा, एक काम आहे, तुमच्याशिवाय कुणाला जमणार नाही."

खांदा हलला.

"माझ्याशिवाय जमणार नाही, म्हणाला. त्याने आजवर माझ्याकडे काय मागितलं? लहानपणी सायकल मागितली तीही तुझ्यामार्फत. मी म्हटलं, माप आण. त्याने आणलं माप. दुपारच्या सुट्टीत त्याला आत घेतला, लेथजवळ उभा केला. तीन महिन्यांत जे बघितलं नाही ते त्या दिवशी बघत होता. बाबा, किती गुळगुळीत येतंय! म्हणाला. कडा मी मारल्या. तो म्हणाला, आत कुणाला दिसणारेत? मी म्हटलं, हात तुझाच फिरणार ना तिथे."

मी सुई टोचून घेतली.

"रविवारी बसवल्या. मी बोटं घालून बघितलं. जात होतं बोट. चांगलं जात होतं. गाडी रिकामी होती गं. भरून बघायची हे मला... मी लेथवरचा माणूस. माझ्या हातातली वस्तू एकदा मापात आली की मापातच असते. माणसं बसली की गाडी खाली बसते, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. आणि त्या दिवशी तो निघाला तेव्हा चौघं बसलेली मी बघितली. फाटकातून हात केला."

मग हे उठले. उठताना चौकटीला धरून उठले. इतके म्हातारे कधी झाले?

काय म्हणायचं असतं अशा वेळी, ते मला येत नाही. येत असतं तरी म्हटलं नसतं. आज तरी नाही.

६ मार्च, गुरुवार

गुळगुळीत. तो शब्द डोक्यातून जात नाही.

१० मार्च, सोमवार

कारखान्यातून यांच्या सुपरवायझरचा फोन आला. भला माणूस आहे. आधी इकडचं तिकडचं बोलला, मग म्हणाला, "वहिनी, यांना थोडे दिवस घरी ठेवा. मशीनसमोर उभे राहतात, चालू करत नाहीत. सगळी शिफ्ट तसेच उभे. आम्ही काम दुसऱ्याला दिलं, तरी हलत नाहीत. पोरं घाबरतात."

घरी ठेवायचं म्हणजे काय करायचं? मी त्यांच्याशी बोलत नाही. हे माझ्याशी बोलत नाहीत. दोन माणसं, आणि टपालपेटीसुद्धा नाही मधे.

संध्याकाळी दोन ताटं वाढली. यांच्या समोर बसले. जेवले नाहीत. मीही नाही. पण बसले.

यांनी विचारलं, "तो टायरवाला काय म्हणाला नक्की? रिंगांमुळेच का?"

मी म्हटलं, विचारते.

१५ मार्च, शनिवार

गेले वकिलाकडे. बसायला स्टूल पुसून दिलं. पिशवीतून डाव्या टायरचा तुकडा नेला होता, जो त्यातल्या त्यात शाबूत होता. म्हटलं, नीट बघा. दुसरं काही असू शकतं का? खिळा, काच, रस्त्यातलं लोखंड. टायरच मुळात खराब निघाला असेल. काहीही.

त्याने दारात उजेडाला नेऊन बघितला. चष्मा लावून बघितला. काठावरून नख फिरवलं. मला वाटत होतं, बोल रे बाबा, एकदा बोल, गिऱ्हाइकांशी एवढं बोलतोस!

"ताई," म्हणाला, "खोटं सांगू का?"

मी मान हलवली. नको.

"कडेनेच कापलाय. दुसरं काही नाही."

तुकडा परत पिशवीत घातला. त्याने चहा मागवला होता तो प्यायले. निघताना म्हणाला, "त्यांना एकदा पाठवा माझ्याकडे. नुसतं बसायला. मी कामाचं काही बोलणार नाही." दारापर्यंत सोडायला आला.

पेट्रोल पंपापासून घरापर्यंत चालत आले. रिक्षावाले विचारत होते. वाटेत कुठे थांबले आठवत नाही, पण हातात पिशवी नव्हती. कुठल्याशा कचराकुंडीत असेल.

१६ मार्च, रविवार

सकाळी यांच्या शेजारी पायरीवर बसले. म्हटलं, वकिलाने बघितला टायर. रस्त्यात लोखंडाची पट्टी होती म्हणे, तिने फाटला. रिंगांचा काही संबंध नाही.

हे माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "खोटं बोलतेस."

मी पायरीवरची माती हाताने झाडली.

थोड्या वेळाने, हळूच — "पुन्हा एकदा सांग."

मी पुन्हा सांगितलं.